सतरा जगं, एकच नायक: एक गोड वेबकादंबरी संशोधकाच्या नजरेने वाचताना

संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा, शोधनिबंध कसा वाचायचा, वही कशी ठेवायची, यावर आपण इथे बरंच बोललो आहोत. आज मी एका प्रेमकथेवर लिहिणार आहे. दचकू नका. पीएच.डी.च्या मुलाखतीत हमखास विचारलं जातं, "या निबंधात तुम्हाला काय कमी वाटलं?" तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण गप्प बसतात, नाहीतर सरळ झोडपायला लागतात. एखादी गोष्ट आवडत असतानाही तिच्यात नेमकं काय कमी आहे हे सांगता येणं, ही सवयीची गोष्ट आहे. आणि सवय कुठेही करता येते.

मातीचे नमुने गोळा करायला गेल्या महिन्यात आठ दिवस शिरूर आणि दौंड तालुक्यात हिंडत होते. शिरूरकडची हलकी, मुरमाड रानं आधी केली, मग न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला. शेवटचे तीन दिवस मुक्काम दौंडला मावशीकडे. एका रात्री लाईट गेली. मावसबहीण अंधारात पडल्या पडल्या मोबाईलवर वाचत होती आणि मधेच हसत होती. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, तू पण वाच. डोकं हलकं होतं." मी दहा मिनिटं म्हणून फोन घेतला. परत दिला तेव्हा अडीच वाजले होते.

गोष्ट काय आहे

नायिका पहिल्याच प्रकरणात अपघातात मरते. डोळे उघडते तर कानात एक आवाज: मी 'प्रणाली' आहे, तुला वेगवेगळ्या जगांत पाठवलं जाईल, प्रत्येक जगात तू दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरात जागी होशील, नेमून दिलेलं काम पूर्ण केलंस की गुण मिळतील, पुरेसे गुण झाले की तुझं आयुष्य परत. मग जगं सुरू होतात. एकात ती सावत्र आईने छळलेली सरदारकन्या, एकात फसलेली सिनेनटी, एकात जगबुडीनंतरच्या छावणीतली डॉक्टर. आणि प्रत्येक जगात एक पुरुष असतो. कधी सेनापती, कधी अब्जाधीश, कधी लांडग्यांचा राजपुत्र. नाव-चेहरा वेगळा, पण आत्मा एकच. त्याला काही आठवत नसतं, तरी तो तिला बघताक्षणी थांबतो. तिला थंडी वाजायच्या आत शाल आणतो, माशातले काटे काढून देतो. सुखाने म्हातारी होऊन ती त्या जगातून जाते, आणि पुढच्या प्रकरणात नव्या घरात डोळे उघडते. अशी सतरा जगं.

हा प्रकार मूळचा चिनी. तिकडे त्याला 'क्वाई-चुआन' म्हणतात, म्हणजे साधारण 'झटपट जगांतर'. जिनजियांगसारख्या २००३ पासून चाललेल्या संकेतस्थळावर या प्रकारच्या कादंबऱ्यांचा ढीग आहे. तिथून त्या इंग्रजीत येतात आणि मग फोनमधल्या भाषांतराच्या बटणाने मराठीत.

इथे एक थांबा. मी या कादंबरीचं नाव लिहीत नाहीये, कारण बहिणीच्या फोनवरच्या प्रतीत मूळ लेखिकेचं नावच नव्हतं. शिवाय ती प्रत यंत्राने केलेली. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे नायिका मधेच "मी धावत त्याच्याकडे गेलो" म्हणते. सेनापती राणीला एका वाक्यात 'तू' आणि दुसऱ्यात 'आपण' म्हणतो. भाषा, विनोद, शैली यांबद्दल अशा प्रतीवरून काहीही बोलणं अन्यायाचं होईल. रचनेबद्दल मात्र बोलता येतं, कारण रचना भाषांतरातूनही टिकते. तुमच्या हातातला पुरावा कशाला पुरतो आणि कशाला पुरत नाही, हे आधी स्वतःला सांगायचं. मगच तोंड उघडायचं.

आधी आवडलं ते

मला ती का आवडली? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. माझं पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू आहे. माझ्या कामात सकाळी सुरू केलेली गोष्ट संध्याकाळी संपत नाही. कधी कधी वर्षभर संपत नाही. या कादंबरीत पस्तीस-चाळीस प्रकरणांत एक जग पूर्ण होतं. काम काय ते स्पष्ट, झालं की गुण जमा. दिवसभर उन्हात रानं खणून आलेल्या माणसाला हे गूळपाण्यासारखं वाटतं.

दुसरं, तिचा गोडवा छोट्या गोष्टींत आहे. नायक मोठी भाषणं करत नाही. तो दिवा विझवतो, पाणी भरून ठेवतो, तिचं म्हणणं मधे न तोडता ऐकतो. लेखिकेला कळलेलं आहे की माणसं मोठ्या त्यागापेक्षा या गोष्टींनी विरघळतात. हे कसब आहे, त्याला कमी लेखू नये.

'वास्तवापासून पळ काढतात' हा आरोपही जुना आहे आणि आपल्याकडे त्याला फार प्रामाणिक उत्तर दिलं गेलंय. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी आली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी जे म्हटलंय त्याचा आशय असा: आपल्याकडची लग्नाची रीत आणि इतर चाली पाहता आपल्या रोजच्या आयुष्यात रंगवून सांगावं असं फारसं काही घडतच नाही, मग मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळावंच लागतं. म्हणजे प्रेम जुळायला जागाच नसलेल्या समाजात प्रेमकथा लिहायची, तर जग दुसरं घ्यावं लागतं. दीडशे वर्षांनंतर दौंडमधली मुलगी अंधारात फोनवर दुसरं जग वाचते, तेव्हा रिसबूडांचं म्हणणं पूर्ण जुनं झालंय असं मला म्हणवत नाही.

मग कमी कुठे पडते

आता माझ्या कामाचं थोडं सांगावं लागेल. मी मातीतल्या स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंवर काम करते. मातीत स्फुरद असतं, पण बरंचसं अशा रूपात अडकलेलं की पिकाला घेता येत नाही. काही जिवाणू आम्ल सोडून ते मोकळं करतात. प्रयोगशाळेत ते ओळखायची पद्धत देखणी आहे. पिकोव्हस्काया माध्यम घेतात, त्यात न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट असल्याने ताटली दुधाळ दिसते. जिवाणू वाढला की त्याच्याभोवती दूध फाटल्यासारखं स्वच्छ वलय पडतं. पहिल्यांदा ते वलय दिसलं तेव्हा मी घरी फोन केला होता.

मग तोच जिवाणू मी कुंड्यांमध्ये घातला. एका ओळीत शिरूरकडची मुरमाड माती, एका ओळीत दौंडकडची कालव्याखालची काळी. काळ्या, चुनखडीच्या मातीत त्याचं काही चाललं नाही. कारण माहीत असलेलं आहे: अशी माती आम्लता पिऊन टाकते. जिवाणू आम्ल सोडत राहतो, माती ते निष्प्रभ करत राहते. याला बफर क्षमता म्हणतात. शिवाय खऱ्या मातीत आधीपासून राहणारे जिवाणू असतात, जिवाणूंना खाणारे आदिजीव असतात. ते नव्या पाहुण्याला जागा देत नाहीत. ताटलीत वलय पडलं, कारण ताटलीत त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

या कादंबरीतली सतरा जगं म्हणजे सतरा ताटल्या आहेत.

कल्पना बघा किती सुरेख आहे. दोन माणसं तीच ठेवायची आणि परिस्थिती बदलत जायची. राजवाडा, युद्ध, दुष्काळ, श्रीमंती, रोगराई. प्रेम कशावर टिकतं आणि कशाने मोडतं हे तपासायला याहून चांगला प्रयोग कुठला? पण लेखिका निकाल आधीच ठरवून बसली आहे. एकाही जगात तो तिला ओळखत नाही असं होत नाही. एकाही जगात परिस्थिती त्याच्या प्रेमाला पिऊन टाकत नाही. छावणीत अन्न संपतं, पण तिच्या वाटीतलं संपत नाही. सरदाराच्या वाड्यात कुळाचा अभिमान आहे म्हणतात, पण तो फक्त सावत्र आईच्या दोन संवादांपुरता; तिसऱ्या संवादाला तिचा पाणउतारा होतो. ज्या प्रयोगात 'नाही' हे उत्तर येऊच शकत नाही, तो प्रयोग नसतो, प्रात्यक्षिक असतं. विज्ञानदिनाला शाळेत आपण व्हिनेगर आणि सोड्याचा ज्वालामुखी करतो ना, तसं. बघायला मजा येते, पण त्यातून नवीन काही कळत नाही.

दुसरी उणीव मला जास्त बोचली. पाचव्या जगात नायिकेला दोन मुलं होतात. मुलाचे पडलेले दुधाचे दात ती डबीत जपून ठेवते. चांगलं लिहिलंय ते. मग ती म्हातारी होते, मरते, आणि पुढच्या पानावर प्रणालीला विचारते, "पुढचं काम काय?" मुलांचा उल्लेख पुन्हा नाही. दहाव्या जगापर्यंत मी वाट पाहिली. साठ वर्षं कुणाची तरी आई होऊन जगलेल्या बाईच्या मनावर एक ओरखडाही नाही. म्हणजे त्या जगातली माणसं माणसं नव्हतीच, गुण मिळवायची साधनं होती. एवढ्या मायेने लिहिलेल्या गोष्टीत इतका कोरडेपणा कसा, हे मला रात्रभर टोचत राहिलं.

याचं एक कारण बाजारात आहे. चिनी संकेतस्थळांवर २००३ च्या सुमारास हजार अक्षरांमागे दर लावून प्रकरणं विकायची पद्धत रुळली. जितकी अक्षरं तितकी मिळकत, आणि वाचक कधीही सोडून जाऊ शकतो. अशा वेळी दर चाळीस प्रकरणांनी पाटी कोरी करणं सोयीचं असतं. नवीन वाचक कुठेही चढू शकतो, जुना कंटाळला तर जग बदलतं. आठवणींचं ओझं वाढलं तर पुढचा गोडवा बिघडतो, म्हणून आठवणी पुसायच्या. एकट्या लेखिकेला दोष देऊन चालणार नाही. तिच्या मातीनेच तिला हे पीक घ्यायला लावलंय.

बहीण काय म्हणाली

सकाळी मी मातीच्या पिशव्या घेऊन तिच्याबरोबर पुण्याच्या लोकलला बसले. ती हडपसरला एका हिशेबाच्या ऑफिसात जाते. केडगाव येईपर्यंत मी तिला ताटली, कुंडी, बफर, सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ताई, ते खोटंय हे मला कळतं गं. मी त्याच्यासाठी वाचतच नाही."

"मग?"

"त्या गोष्टीत निदान कुणीतरी आधी सांगतं तरी, काम काय आहे ते."

मला आधी कळलं नाही. यवत गेलं तसं कळायला लागलं. तिचं स्थळ जवळजवळ ठरलंय. मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत, घर शिरूरजवळ. माणसं चांगली आहेत असं सगळे म्हणतात. पण लग्नानंतर नोकरी चालू राहील का, हे कुणी स्पष्ट बोललेलं नाही. मावशी म्हणते, "बघू गं नंतर." शिरूरला रेल्वे नाही. तिथून रोज हडपसर कसं करायचं, याचा विचार फक्त तीच करतेय.

मग मला ती कादंबरी पुन्हा पहिल्यापासून दिसली. एक मुलगी डोळे उघडते. घर अनोळखी आहे. सगळे तिला दुसऱ्याच नावाने हाक मारतायत. कोण कुणाचं कोण, कुणाशी कसं बोलायचं, काहीच माहीत नाही, आणि पहिल्याच दिवसापासून सगळ्यांचं तिच्याकडे लक्ष आहे. हे जगांतर आहे का? आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहायची पद्धत आहे. माझ्या आईचं नाव असंच बदललेलं. तिला अजूनही माहेरी एक नाव आहे आणि सासरी एक. ज्याला मी अद्भुत समजत होते, ते आमच्या घरातल्या प्रत्येक बाईने एकदा केलेलं आहे. फरक इतकाच, की तिच्या कानात कुठली प्रणाली बोलत नव्हती.

म्हणजे माझं निदान चुकलं होतं. मी नायकाला केंद्र धरून मोजमाप करत होते; या वाचकासाठी केंद्र तो आवाज होता. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ च्या 'रीडिंग द रोमान्स' या पुस्तकात हेच केलं होतं. प्रेमकादंबऱ्यांवर शेरे मारण्याऐवजी त्या वाचणाऱ्या बायकांना विचारलं, तुम्हाला यातून काय मिळतं? उत्तरात पुस्तकातल्या मजकुराइतकंच वाचण्याच्या कृतीला महत्त्व होतं: तेवढा वेळ कुणी आपल्याकडे काही मागत नाही. मी हे पुस्तक वाचलेलं होतं. तरीही मावसबहिणीला विचारायच्या आधी निकाल देऊन मोकळी झाले. एका वाचकाचं उत्तर म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मान्य. पण माझा सिद्धांत मोडायला ते पुरेसं होतं.

गोड असणं हा दोष नाही

तरी माझा आक्षेप मी मागे घेत नाही. फक्त त्याची जागा बदलते. कुणी म्हणेल, गोड आणि क्रमशः लिहिलं की असंच होणार. तसं नाही. ह. ना. आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः छापली. तीही थांबत थांबत, पुढच्या अंकाची वाट बघायला लावत. त्यातली यमूही एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तिथले नियम शिकते. आणि यमू-रघुनाथरावांचा मुंबईतला संसार वाचा: तो तिला शिकवतो, तिच्याशी बरोबरीने बोलतो. मराठीतल्या सगळ्यात गोड पानांत मी ती पानं धरते. तिथे शालही आहे आणि माशाचे काटे काढणंही आहे, फक्त वेगळ्या रूपात.

पण आपट्यांचं जग आम्ल पिऊन टाकणाऱ्या काळ्या मातीसारखं आहे. रघुनाथराव जातात, आणि पुढे त्याच घरची माणसं यमूचं केशवपन जबरदस्तीने करवतात. मुंबईचा गोडवा आपल्या लक्षात राहतो, कारण तो किती मोठ्या ताकदीविरुद्ध उभा होता हे आपल्याला कळलेलं असतं. आणि यमूच्या आयुष्यात काहीच पुसलं जात नाही. माहेरचं सासरी येतं, सासरचं मुंबईला येतं. वाचून झाल्यावर आपल्याला 'घर' नावाची गोष्ट कशी चालते, कोण कशाच्या जोरावर बोलतं, हे आधीपेक्षा जास्त कळतं.

ही वेबकादंबरी नेमकी इथे कमी पडते. अनोळखी घरात शिरणाऱ्या मुलीची भीती तिने अचूक पकडली. पण त्या भीतीला तिने उत्तर दिलं ते कुठल्याच घरात उपयोगी पडणार नाही असं: नियम आपोआप सांगितले जातील, ओळखणारा माणूस तयार असेल, आणि बिघडलंच तर पुढचं जग आहे. दुखतं कुठे ते तिला कळलंय, पण औषध म्हणून तिने साखर दिली. एका रात्रीपुरती साखरही चालते. मी स्वतः बाराव्या जगापर्यंत पोचले आहे आणि बहुधा सतरावं गाठेन.

तुमच्यासाठी

संशोधनाला येणाऱ्यांना हे का सांगतेय? कारण आपणही इथे येताना कानात एक प्रणाली असेल असं गृहीत धरून येतो. नेट-सेटपर्यंत ती असतेही: अभ्यासक्रम, गुण, निकाल. नोंदणी झाली की आवाज बंद होतो. काम काय आहे हे शोधणं हेच काम होऊन बसतं, आणि जग बदलायची सोय नसते. फसलेल्या कुंडीसकट पुढे जायचं असतं. माझी काळ्या मातीची ओळ फसली म्हणून मी सहा महिने ती लपवत होते. आता प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण तिचंच आहे.

कुठलंही लिखाण, शोधनिबंध असो की प्रेमकथा, वाचताना तीन प्रश्न विचारा. यात 'नाही' हे उत्तर येऊ शकत होतं का? आधी घडलेल्याचा पुढे काही परिणाम राहतो का? आणि ज्यांच्यासाठी हे लिहिलंय, त्यांना मी विचारलं का?

येत्या रविवारी मावशीबरोबर मीही शिरूरला जातेय, मुलाच्या घरी. काय काय विचारायचं ते आम्ही दोघींनी लोकलमध्येच माझ्या नमुन्यांच्या वहीत, मागच्या पानावर लिहून काढलंय. अकरा प्रश्न झाले. पहिला नोकरीचा आहे, आणि तो बहीण स्वतः विचारणार आहे.